काकांचा रिपोर्ट

माझे काका वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच घरात राहायचो. पुढच्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत काका, काकू आणि नुकताच शाळेत जायला लागलेला त्यांचा मुलगा. पहिली पाळी संपवून काका कंपनीच्या बसने यायचे, निळा शर्ट दारामागच्या खिळ्याला अडकवायचे आणि चहा होईपर्यंत माझं फिजिक्सचं पुस्तक चाळत बसायचे. "हे तर आमच्या मशीनवानीच दिसतंय की," म्हणायचे. मी तेव्हा बारावीला होते. आमच्या घरात सायन्सला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या पुस्तकांना सगळेच हात पुसून हात लावायचे.

एके दिवशी काका आलेच नाहीत. बसमधल्या त्यांच्या सोबत्याने सांगितलं, "पोराला बूट घ्यायचेत म्हणून शहागंजला जातो म्हणले, अलीकडंच उतरले." फोन बंद होता. पप्पांनी दुसऱ्या दिवशी शहागंजमधली बुटांची दुकानं एकेक करून पालथी घातली. काकांचा फोटो उजेडात धरून बघत एक दुकानदार म्हणाला, "आए भी रहेंगे भाई. दिनभर लोगां आते, क्या बोलूं मैं?" तेवढाच काय तो धागा, आणि तोही धड नव्हता.

घरात भांडण नव्हतं. काका दारू पीत नव्हते. कंपनीतही कुणाशी बिनसलं नव्हतं. पोलीस चौकीत हवालदाराने हे सगळं परत परत विचारलं आणि प्रत्येक वेळी काकू तीच उत्तरं देत राहिली. शेवटी तिलाच वाटायला लागलं, की आपल्याला काहीतरी माहीत नसावं. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "अक्का, माझ्यावर नाराज होते का हो ते? तुम्हाला कधी काही बोलले का?" आई नाही म्हणाली. काकूला ते पटलं की नाही, कळलं नाही.

बरेच दिवस गेल्यावर शहराबाहेरच्या करमाडच्या पोलीस चौकीतून फोन आला. नाल्यात एक प्रेत सापडलं होतं, बेवारस पुरुषाचं. वय जुळत होतं, अंगात निळा शर्ट होता. ओळख पटवायला या, असा निरोप होता. पप्पा आणि काकू निघाले. मलाही बरोबर घेतलं, कारण इंग्रजी कागद आला तर वाचायला कुणीतरी हवं होतं.

प्रेत एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. मला बाहेरच उभं केलं. पप्पा आत गेले आणि लगेच परत येऊन कडुनिंबाखालच्या बाकड्यावर बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "काय सांगू पोलिसांना? चेहराच नाय राहिला." शर्ट निळा होता खरा, पण वाळूजला अर्ध्या कंपन्यांचे शर्ट निळेच असतात. खिशात काही नव्हतं. फोन नव्हता. मग काकू आत गेली. बाहेर येऊन ठामपणे म्हणाली, "हे ते नाहीत. त्यांचे पाय असे नाहीत." हवालदाराने लिहायला घेतलं. तेवढ्यात ती त्याला म्हणाली, "साहेब, मला नीट बघवलं नाय. परत जाऊ का एकदा?" आणि ती परत गेली. या वेळी बाहेर आली ती हवालदाराला टाळून बाकड्यावर पप्पांशेजारी बसली.

मग डीएनए करायचं ठरलं. डॉक्टरांनी प्रेताच्या मांडीच्या हाडाचा तुकडा काढला. तिथल्या एका माणसाने तो प्लास्टिकच्या बरणीत टाकला आणि वरून कॅनमधलं पाण्यासारखं काहीतरी ओतलं. वास इतका उग्र होता, की दारात उभ्या उभ्या माझे डोळे चुरचुरले. मी विचारलं, "हे कशाला?"

"खराब होऊ नये म्हणून," तो म्हणाला. त्याने बरणीचं झाकण आवळून लाखेचं सील मारलं. काळजीनेच करत होता तो सगळं.

नंतर एक दिवस मुलालाही तिथे नेलं आणि काकूचं आणि त्याचं रक्त घेतलं. मुलगा माझ्या मांडीवर होता. सुई टोचल्यावर तो रडला नाही. त्याने मला हळूच विचारलं, "पप्पा इथं आहेत का?" मी त्याच्या हातावरचा कापूस दाबून धरला.

प्रेत आम्ही घेतलं नाही. पप्पा म्हणत होते, माणूस कुणाचाही असो, आपण नीट निरोप देऊ. पण काकू हटून बसली. "परक्याचं मढं माझ्या दारात आणू नका दादा. उद्या ते आले म्हंजे मी काय तोंड दाखवू?" पोलिसांनी ते गावाबाहेरच्या जागेत पुरलं. रिपोर्ट आला की कळवतो म्हणाले.

पप्पा वरचेवर करमाडला जाऊन विचारायचे. सुट्टी असली की मीही जायची. तिथला हवालदार भला माणूस होता. बसा म्हणायचा, पाणी द्यायचा आणि सांगायचा, "लॅबकडून आला नाय अजून." आमच्या हातात आणखी काहीच नव्हतं. कुणाच्या पाया पडावं, तर ती लॅब कुठे आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं. फॉरेन्सिक हा शब्द मी पहिल्यांदा त्या हवालदाराच्या तोंडून ऐकला. तो 'फोरनसिक' म्हणायचा.

काकूची मात्र रोजची अडचण होत होती. गल्लीत बारसं असलं, तर तिला बोलवावं की नाही हे बायकांना कळायचं नाही. बोलावलं तर कपाळाला कुंकू लावताना हात अडखळायचे. एकदा एका बाईने तिला वगळून पुढचीला कुंकू लावलं, मग वाईट वाटून परत मागे आली. काकूने कपाळ पुढे केलं. घरी आल्यावर ती भांडी घासायला बसली आणि घासलेलीच भांडी परत घासत राहिली.

बारावीचा निकाल लागला. नर्सिंग मिळण्याइतके मार्क होते, आणि घरात तसंच ठरत आलं होतं. पण मी फोनवर शोधून काढलं होतं, की आपल्याच शहरात फॉरेन्सिक सायन्स शिकवतात. तेव्हा पाट्यांवर शहराचं नाव औरंगाबाद होतं. एवढ्या दिवसांत जो शब्द आमच्या घरावर येऊन बसला होता, तो आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर शिकवला जात होता, याचं मला नवल वाटलं. मी पप्पांना सांगितलं.

"म्हंजे मढ्यांचंच काम ना?" पप्पा म्हणाले.

"सगळं मढ्यांचं नसतं. रक्त, ठसे, सह्या, विष…"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि पोरगी कुठं काम करते म्हणून विचारलं लोकांनी तर? कोण करून घेईल हिला?"

काकू दाराशी बसून शेंगा सोलत होती. काका बेपत्ता झाल्यापासून ती घरातल्या कुठल्याच बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी पडली. "शिकू द्या तिला दादा. इतके दिवस झाले, आत काय चालतंय ते बाहेरच्याला कुणी सांगत नाय. आपलं एखादं माणूस आत असलेलं बरं."

पप्पांनी मान खाली घातली. माझं शिक्षण असं ठरलं. आजही कुणी मला विचारतं, या क्षेत्रात कशी आलीस, तर मी आवड होती असं सांगते. ते पूर्ण खोटं नाही. पण तेव्हा मला आवडनिवड काही नव्हती. काकूच्या त्या एका वाक्याला नाही म्हणायची माझी ताकद नव्हती.

कॉलेजात पहिल्या वर्षी मजाच वाटली. एका रिकाम्या खोलीत बाहुला आडवा टाकायचे, उलटी खुर्ची, फुटलेला ग्लास, लाल रंग. आम्ही हातमोजे घालून पट्टीने अंतरं मोजायचो, फोटो काढायचो. वर्गातल्या बऱ्याच जणांना टीव्हीवरच्या मालिकांमुळे हे शिकावंसं वाटलं होतं. खोलीतला खुनी कोण, हे ते तासाभरात ठरवून टाकायचे. मला ते जमायचं नाही. सर म्हणायचे, "तू फार घाबरत मत देतेस." मी घाबरतच होते.

घरी गेलं की काकू विचारायची, "आज काय शिकवलं?" मी सांगायची. काचेवरचा ठसा कसा उचलतात, रक्त वाळल्यावर कसं गोळा करतात. ती सगळं लक्ष देऊन ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "हाडाचं अजून नाय आलं का?"

हाडाचं दुसऱ्या वर्षी आलं. दुपारचा तास होता. सर सॅम्पल कसं जपायचं ते सांगत होते. फळ्यावर लिहिता लिहिता म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. डीएनएसाठी पाठवायचं हाड कधीही फॉर्मॅलिनमध्ये टाकायचं नाही. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए तुटतो. तपासायला हाड येतं, पण त्यातून हाती काही लागेल याची खात्री नसते. तरी अजून काही ठिकाणाहून तशा बरण्या येतात."

बाकीच्यांनी लिहून घेतलं. माझं पेन थांबलं. पुढच्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला फॉर्मॅलिनची बाटली उघडली, आणि वास नाकात जाताच माझे डोळे चुरचुरले. करमाडला बरणीत ओतलं होतं ते हेच. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तास संपल्यावर सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "कधी कधी निघतो. हाड जाड असेल, लवकर पोहोचलं असेल, तर निघतोही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण फार आशा धरू नकोस."

मी पप्पांना सांगितलं. ते कंपनीतून दमून आले होते. ऐकून म्हणाले, "त्या माणसाला माहीत नव्हतं का?"

"नसेल. त्याला वाटलं, खराब होऊ नये."

"मग भांडायचं कुणाशी?"

काकूला काय सांगायचं, हे आम्हाला ठरवता आलं नाही. रिपोर्ट येईल तेव्हा येईल, कदाचित निघेलही, असं म्हणून पप्पा उठले. त्यानंतर काकू रोज संध्याकाळी शिकवलेलं विचारायची, मी सांगायची, आणि हाडाचं नाव निघालं की आम्ही दोघं बापलेक दुसरीकडे बघायचो.

रिपोर्ट आला तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते. हवालदाराने स्वतः फोन केला. आम्ही तिघं गेलो. कागद इंग्रजीत होता. काकूने तो घेतला आणि सरळ माझ्या हातात दिला. "वाच. एवढ्यासाठीच शिकलीस."

एकच ओळ कामाची होती. हाडाच्या नमुन्यातून डीएनए मिळू शकला नाही, सबब तुलना करता आली नाही. मी मराठीत सांगितलं.

"म्हंजे ते हायेत का नाहीत?" काकूने विचारलं.

"कळत नाही, काकू."

"लॅबला कळंना?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुला पण?"

हवालदाराने खुर्ची सरकवली आणि उगाच बाहेर निघून गेला.

मग मी तिला बरणीचं सांगितलं. तिथेच, चौकीतल्या बाकावर. ती चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, "त्याने आपलं चांगलं व्हावं म्हणूनच टाकलं असंल." आणि थोड्या वेळाने, "दुसरं हाड काढता येत नाय का?"

येतं. पुरलेलं प्रेत परवानगीने पुन्हा काढता येतं, हे मी शिकले होते. पप्पांनी अर्ज केला, करमाडच्या पोलीस साहेबांना भेटलो. साहेब स्वतः आमच्याबरोबर त्या जागेवर आले. मधल्या काळात तिथे आणखी बेवारस प्रेतं पुरली गेली होती. खुणेचे दगड पावसाने हलले होते, एका बाजूने ट्रॅक्टर गेलेला दिसत होता. ज्याने खड्डा खणला होता तो माणूस आला. त्याने एक जागा दाखवली, मग तिच्या शेजारची दाखवली. साहेब म्हणाले, "कुठला खड्डा उकरू, ताई? सगळेच उकरायची परवानगी मला कोण देईल?" काकू त्या गवतात उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. हात जोडायचे तर कुठल्या बाजूला, तेही तिला कळत नव्हतं.

पदवी मिळाली. काही महिन्यांनी कंत्राटावर नोकरी लागली. गुन्हा घडला, प्रेत सापडलं, की तिथे जाणाऱ्या फॉरेन्सिकच्या गाडीवर. पप्पांनी पेढे वाटले. शेजाऱ्यांना त्यांनी "पोरगी तपासात आहे" असं सांगितलं.

टीव्हीवर दाखवतात तशी जागा मी अजून बघितलेली नाही. आम्ही पोहोचेपर्यंत गल्ली आत येऊन गेलेली असते. कुणीतरी प्रेतावर चादर घातलेली असते, कुणी फरशी पुसलेली असते. पुसणाऱ्या बाईचा हेतू वाईट नसतो. लोक येणार म्हणून ती घर आवरते. मी जे उरलं असेल ते गोळा करते, कागदात बांधते, सील करते आणि पाठवते. पुढे काय झालं ते मला बहुतेक वेळा कळतही नाही. निघताना घरातलं कुणीतरी गाडीपर्यंत येतं आणि विचारतं, "मॅडम, काय दिसलं?" मी म्हणते, "रिपोर्ट आल्यावर कळेल." हे म्हणताना मला त्या हवालदाराचा आवाज ऐकू येतो. तो बिचारा खरंच सांगत होता, हे आता कळतं.

मात्र हाडाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. नोकरीला चारेक वर्षं झाली असतील, शहराबाहेरच्या एका दगडखाणीत सांगाडा सापडला, तेव्हा एक कर्मचारी कॅन घेऊन आला होता. मी त्याचा हात धरला. हाड कोरडं करून, कागदात बांधून, माझ्या देखत रवाना केलं. काही महिन्यांनी त्याचा रिपोर्ट आला. डीएनए जुळला. शहागंजकडच्या एका म्हाताऱ्या बाईचा बेपत्ता मुलगा होता तो. तिथल्या पोलीस ठाण्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "आम्ही सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही. तुम्ही समजावून सांगा."

मी मनातून उभारी धरून गेले होते. आमच्या घराला जे मिळालं नाही, ते एका घराला मी नेऊन देत होते. म्हातारी बाकावर बसली होती, शेजारी जावई उभा होता. मी सोप्या शब्दांत सांगितलं, की शंभर टक्के तोच आहे. तिने माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काहेकू बताए बेटा? तुम नै बोलते तो मैं राह देखती बैठती थी."

जावई तिला गप्प करायला लागला. मी म्हणाले, राहू द्या. तिने माझा हात सोडला नाही, आणि मला तो सोडवून घ्यायचं सुचलं नाही.

घरी येऊन मी काकूला हे सांगितलं. वाटलं होतं, तिला म्हातारीचा राग येईल. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "तिचं बरोबर हाय." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिचा पोरगा सापडला ते पण बरंच झालं." मग तिने मला जेवायला वाढलं.

त्या थंडीत काकूने पप्पांना सांगितलं, की काकांचं पुण्यानुमोदन, आमच्यात माणूस गेल्यावर करतात ते, करून घेऊ. मुलगा दहावीत गेला होता, त्याला बाहेर लोक विचारायचे आणि तो उत्तरं बदलत राहायचा. तिने कारण तेवढंच सांगितलं. घरासमोर मांडव घातला. काकांचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. भंतेजी आले. विधी सुरू करण्याआधी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "परिनिर्वाणाची तारीख कोणती सांगू?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बेपत्ता झाले ती तारीख, नाल्यात प्रेत सापडलं ती, की कुठलीच नाही?

काकू म्हणाली, "आजची धरा."

जेवणं चालू असताना करमाडचे एक लांबचे मामा माझ्याजवळ येऊन बसले. त्यांची मुलगी बारावीला होती. "आमच्या पोरीला तुझ्याच लाईनीत टाकावं म्हणतो. तिचाही लई हट्ट हाय. कसं हाय ते काम?" मी म्हणाले, तिला एकदा माझ्याकडे पाठवा.

ती पुढच्या रविवारी आली. दोन वेण्या, डोळे चमकणारे, फोनमध्ये प्रश्न लिहून आणलेले. पहिलाच प्रश्न होता, "ताई, तुमच्यामुळे खुनी पकडला जातो तेव्हा कसं वाटतं?"

"बऱ्याचदा मला कळतच नाही, पकडला का ते," मी म्हणाले.

तिला वाटलं मी गंमत करते आहे. मी तिला एकेक सांगत गेले. पुसलेल्या फरश्या, न आलेले रिपोर्ट, कंत्राट संपत आलं की लागणारी धाकधूक, दगडखाण, म्हातारी. काकांचंही सांगितलं. काकू मध्येच येऊन आम्हाला चहा देऊन गेली, तेवढा वेळ गप्प राहिले. मला तिला घाबरवायचं नव्हतं आणि या कामात ओढायचंही नव्हतं. माझ्या वेळी मला हे कुणी सांगायला नव्हतं, म्हणून सांगत होते.

तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "पण ताई, ती बरणी भरताना तिथं कुणी शिकलेलं माणूस असतं तर?"

जूनमध्ये मामांचा फोन आला. तिने फॉरेन्सिकला प्रवेश घेतला होता.